धोळका २०१७: ३२७ मतांचा विजय आणि मोजणीबाहेर राहिलेली ४२९ टपाली मतं

१८ डिसेंबर २०१७ रोजी गुजरात विधानसभेची मतमोजणी झाली. अहमदाबाद जिल्ह्यातल्या धोळका मतदारसंघात भाजपचे भूपेंद्रसिंह चुडासमा यांना ७१,५३० आणि काँग्रेसचे अश्विन राठोड यांना ७१,२०३ मतं पडली. फरक ३२७. दोघांच्या मतांची बेरीज १,४२,७३३ होते. म्हणजे फरक पाव टक्क्याहूनही कमी. चुडासमा पुढे राज्याचे शिक्षणमंत्री झाले आणि कायदा खातंही त्यांच्याकडेच होतं. १२ मे २०२० रोजी गुजरात उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती परेश उपाध्याय यांनी ही निवडणूक रद्द ठरवली. तीन दिवसांनी, १५ मे रोजी, सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. विधानसभेची मुदत २०२२ च्या डिसेंबरात संपली. चुडासमा त्या वेळी उभे राहिले नाहीत.

सगळं भांडण टपाली मतांवर होतं. आलेल्या टपाली मतपत्रिका १,३५६, हिशेबात धरल्या ९२७, बाद ४२९. बाद मतांचा आकडा विजयाच्या फरकाहून १०२ ने मोठा. एवढी एक वजाबाकी उच्च न्यायालयाच्या निकालाच्या मुळाशी आहे. पण ती त्या दिवशी मतमोजणी कक्षात कोणाला करता यावी, यासाठी टपाली मत कसं मोजलं जातं हे बारकाईने माहीत असावं लागतं. उमेदवारांचे बहुतेक मतमोजणी प्रतिनिधी यंत्रांच्या टेबलांवर डोळे लावून बसतात आणि निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या टेबलापाशी कोणीतरी नवखा कार्यकर्ता बसवला जातो. फरक दहा हजारांचा असेल तर हे चालून जातं.

पाकिटात पाकीट

टपाली मत देणाऱ्यांत सैन्यदलातले सेवा मतदार असतात. विधानसभेला मोठी संख्या निवडणूक कामावरच्या कर्मचाऱ्यांची असते: शिक्षक, तलाठी, पोलीस. ते फॉर्म १२ भरून मतपत्रिका मागतात. आता घरून मत देणारे ८५ वर्षांवरचे आणि दिव्यांग मतदारही फॉर्म १२ डी भरून यात येतात, पण २०१७ ला ती सोय नव्हती.

मतदाराला चार वस्तू मिळतात. मतपत्रिका; तिच्यासाठी लहान पाकीट, ते १३ बी; घोषणापत्र, ते १३ ए; आणि हे सगळं घालायचं मोठं पाकीट, ते १३ सी. मतपत्रिका लहान पाकिटात बंद करायची. घोषणापत्र भरायचं, त्यावर मतपत्रिकेचा अनुक्रमांक लिहायचा, सही करायची आणि ती सही साक्षांकित करून घ्यायची. कामावरच्या कर्मचाऱ्यासाठी हे साक्षांकन राजपत्रित अधिकारी किंवा तो जिथे कामावर आहे त्या केंद्राचा केंद्राध्यक्ष करू शकतो. मग बंद लहान पाकीट आणि सुटं घोषणापत्र, दोन्ही मोठ्या पाकिटात.

गडबड होते ती नेमकी इथे. घोषणापत्र लहान पाकिटाच्या आत जातं. साक्षांकनाची जागा कोरी राहते. अनुक्रमांक लिहायचा राहतो, किंवा पाकिटावर एक आणि घोषणापत्रावर दुसराच पडतो. घाईत दोन सहकाऱ्यांची घोषणापत्रं आपसांत बदलतात. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांची मतदान केंद्रं चोख चालवली, त्याचंच मत असल्या कारणाने बाद होणं यात नवल काहीच नाही. प्रशिक्षणात यंत्राला तास दिले जातात आणि या पाकिटांना शेवटची दहा मिनिटं.

मोजणी निवडणूक संचालन नियम, १९६१ मधल्या नियम ५४ ए प्रमाणे होते. सकाळी ८ ला टपाली मतांपासून सुरुवात होते आणि यंत्रांची मोजणी अर्ध्या तासाने सुरू होते. मोजणीची वेळ सुरू झाल्यावर आलेली पाकिटं उघडतच नाहीत. बाकीची मोठी पाकिटं एकेक उघडून आधी फक्त घोषणापत्र पाहतात. ते नसेल, त्यावर सही-साक्षांकन नसेल, त्यात मोठा दोष असेल किंवा अनुक्रमांक जुळत नसेल, तर लहान पाकीट न उघडता त्यावर शेरा मारून मत बाद करतात. अशी पाकिटं वेगळ्या गठ्ठ्यात मोहोरबंद होतात. मग ग्राह्य घोषणापत्रांचा गठ्ठा बांधून मोहोर लावायची, आणि त्यानंतरच लहान पाकिटं उघडायची. हा क्रम मत गुप्त राहावं म्हणून आहे. मतपत्रिका बाहेर आल्यावर बाद होण्याची कारणं वेगळी: खूणच नाही, एकाहून जास्त उमेदवारांपुढे खूण, मतदार ओळखू येईल असं काही लिहिलेलं, पत्रिका फाटून तिचा खरेपणा ठरवता न येणं, खूण नेमकी कोणापुढे ते न कळणं.

म्हणजे बाद होण्याचे दोन टप्पे आहेत आणि त्यांचा परिणाम सारखा नाही. दुसऱ्या टप्प्यावर बाद झालेली पत्रिका प्रतिनिधींच्या डोळ्यांसमोर असते. ती कोणाकडे झुकत होती याचा अंदाज येतो आणि वाद तिथल्या तिथे होतो. पहिल्या टप्प्यावरचं पाकीट बंदच राहतं. ते कोणाचं नुकसान करतं हे कोणालाच कळत नाही, त्यामुळे कोणी भांडतही नाही. शिवाय हिशेब लिहिताना सुरुवातीचा आकडाच ‘उघडलेली पाकिटं’ असा धरला, तर पहिल्या टप्प्यावरची बाद मतं कागदावर उमटतच नाहीत. फॉर्म २० म्हणजे अंतिम निकालपत्रक. त्यात केंद्रवार ओळींनंतर टपाली मतांची ओळ येते आणि बाद मतांचा वेगळा रकाना असतो. ‘आलेली वजा उशिरा आलेली, वजा घोषणापत्रावर बाद, वजा पत्रिकेवर बाद, बरोबर वैध’ हे समीकरण जुळलं नाही, तर फॉर्म २० वर समजून सही करणं कठीण आहे. धोळक्यात १,३५६ = ९२७ + ४२९ ही बेरीज सर्वांसमोर आली ती न्यायालयात.

१८ डिसेंबरला काय व्हायला हवं होतं

आयोगाच्या दोन सूचना इथे लागू पडतात. पहिली क्रमाची: टपाली मतांची मोजणी पुरी होईपर्यंत यंत्रांच्या शेवटच्या फेऱ्या थांबवायच्या. कारण उघड आहे. यंत्रांतून फरक किती निघाला हे आधी कळलं, तर बाद-वैध ठरवणाऱ्याला आपल्या निर्णयाची किंमत माहीत असते. दुसरी सूचना फेरपडताळणीची: फरक टपाली मतांच्या प्रमाणात कमी असेल तर निकाल जाहीर करण्याआधी मतपत्रिका पुन्हा तपासायच्या, निरीक्षकांसमोर आणि चित्रीकरण करून. ही तुलना कधी आलेल्या एकूण टपाली मतांशी, कधी फक्त बाद झालेल्यांशी करायची असं सूचनांच्या शब्दांत बदलत गेलं. धोळक्याला त्याने फरक पडत नाही. ३२७ हे १,३५६ पेक्षा कमी आणि ४२९ पेक्षाही कमी. कुठल्याही वाचनाने फेरपडताळणी बंधनकारकच होती.

४२९ पाकिटं पुन्हा पाहणं हे दोन-तीन टेबलांवर तासा-दोन तासांचं काम. ते त्या संध्याकाळी झालं असतं, तर काही पाकिटं ग्राह्य ठरली असती, उरलेल्यांवर कारणासह शेरा राहिला असता आणि मागे याचिकेला फारसं काही उरलं नसतं. चुडासमांचा विजय कायम राहण्याची शक्यताही त्यात चांगलीच होती. ते गणित पुढे येतं. फेरपडताळणी टाळल्याने विजयी उमेदवाराचंही नुकसान होतं, हे धोळक्यातून शिकण्यासारखं आहे.

मुंबई उत्तर पश्चिम हे याच्या उलट उदाहरण. निवडणूक लोकसभेची होती, पण कागद तेच. २०२४ मध्ये यंत्रांच्या मतांत अमोल कीर्तिकर एका मताने पुढे होते. टपाली मतं मिळवल्यावर रवींद्र वायकर ४८ मतांनी विजयी झाले. बाद टपाली मतं १११ होती, म्हणजे फरकाच्या दुपटीहून जास्त. ती निकालाआधी पुन्हा तपासली गेली. कीर्तिकरांची याचिका मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये फेटाळली. त्या याचिकेतला मुख्य झगडा मग प्रदत्त मतांकडे, म्हणजे आपल्या नावावर आधीच कोणी मत देऊन गेल्यावर खऱ्या मतदाराने कागदावर दिलेल्या मतांकडे वळला होता.

याचिका आणि निकाल

राठोडांनी लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ खाली उच्च न्यायालयात निवडणूक याचिका केली. बेकायदा बाद झालेली टपाली मतं, मोजणीच्या वेळी मोडलेल्या बंधनकारक सूचना आणि भ्रष्ट आचरण असे आरोप होते. आपल्याला विजयी घोषित करा अशीही मागणी होती. न्यायालयाने ४२९ टपाली मतं बेकायदा बाद केली, विचाराबाहेर ठेवली असं धरून निवडणूक रद्द केली. निवडणुकीच्या नोंदींत फेरफार झाल्याचा ठपकाही निकालात आहे. राठोडांना विजयी घोषित करण्याची मागणी मात्र नाकारली.

या दोन गोष्टी एकत्र कशा बसतात, हे अनेकांना कोडं वाटलं. कायद्यात त्यांची कलमं वेगळी आहेत. कलम १०० निवडणूक रद्द करण्याचं. त्यातल्या पोटकलम (१)(डी) खाली मतं चुकीने स्वीकारणं किंवा नाकारणं हे एक कारण आणि कायदा-नियम-आदेश न पाळणं हे दुसरं. दोन्हींना एकच अट आहे, विजयी उमेदवाराच्या निकालावर त्याचा ठोस परिणाम झालेला असला पाहिजे. कलम १०१ दुसऱ्याला विजयी घोषित करण्याचं, आणि तिथे याचिकाकर्त्याला वैध मतांचं बहुमत खरोखर मिळालं हे दाखवावं लागतं. मोजणीबाहेरच्या मतांतून बहुमत सिद्ध होत नाही.

आता ‘ठोस परिणाम’. ४२९ पैकी प्रत्येक मत वैध धरलं, सगळी या दोघांतच वाटली गेली असं मानलं, तरी राठोडांना त्यातली किमान ३७९ हवी होती. ३७८ विरुद्ध ५१ झाली तर बरोबरी आणि मग चिठ्ठी टाकून निकाल. ३७९ म्हणजे ८८ टक्क्यांहून थोडी जास्त. तिसऱ्या उमेदवाराला किंवा नोटाला काही मतं गेली, काही पाकिटं खरोखरच सदोष निघाली, तर ही टक्केवारी आणखी चढते. ३२७ पेक्षा कमी मतं ग्राह्य ठरली असती, तर निकाल बदलणं अशक्यच. मोजलेल्या ९२७ मतांतली दोघांची वाटणी हा एक ताळा होऊ शकतो, पण न्यायालयं असल्या अंदाजांवर सहसा विसंबत नाहीत. वशिष्ठ नारायण शर्मा विरुद्ध देव चंद्र या १९५४ च्या निकालापासून सर्वोच्च न्यायालयाची भूमिका कडक आहे: निकाल बदलला असता ही शक्यता पुरत नाही, पुरावा हवा.

निकालाची ताकद आणि त्याचा कमकुवत सांधा दोन्ही याच जागी आहेत असं आम्हाला वाटतं. बाद मतं फरकापेक्षा जास्त, ती बाद करण्यात आणि नोंदवण्यात बेकायदा वर्तन, आणि फेरपडताळणीचा बंधनकारक टप्पा गाळलेला. ज्या अधिकाऱ्याच्या ताब्यात कागद होते त्याच्याच कृतीमुळे पुरावा उभा राहू शकत नसेल, तर पुराव्याचं सगळं ओझं हरलेल्यावर टाकणं अन्यायाचं, हा युक्तिवाद भक्कम आहे. उलट बाजूने ८८ टक्क्यांचं गणित कोणीही पुढे करू शकतं. अपिलात या मुद्द्यावर सविस्तर उत्तर मिळालं असतं तर ते देशभर उपयोगी पडलं असतं.

कलम ८६ सांगतं की याचिका सहा महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा. धोळक्यात मतमोजणी ते निकाल यांत जवळजवळ २९ महिने गेले. उच्च न्यायालयाच्या निकालावर कलम ११६ ए खाली ३० दिवसांत थेट सर्वोच्च न्यायालयात अपील करता येतं, आणि स्थगिती मिळाली की आमदारकी चालू राहते. चुडासमा मंत्रिपदावर होते ते सप्टेंबर २०२१ मध्ये मुख्यमंत्री विजय रूपाणी यांचं सरकार जाऊन सगळं मंत्रिमंडळच बदललं तोपर्यंत.

टेबलावर बसणाऱ्यांसाठी

मोजणीच्या आदल्या दिवशीपर्यंत किती टपाली पाकिटं आली हा आकडा निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे रोजच्या रोज असतो. तो लेखी मागून घ्यावा. मोजणीच्या सकाळी ८ पर्यंत आलेली त्यात मिळवली की सुरुवातीचा आकडा हाती आला. पुढची प्रत्येक वजाबाकी याच आकड्यातून व्हायला हवी. पहिल्या टप्प्यावर बाद झालेल्या प्रत्येक पाकिटाचं कारण एका शब्दात टिपावं: सही नाही, साक्षांकन नाही, क्रमांक जुळत नाही, घोषणापत्र नाही. एकाच कारणाने, एकाच कार्यालयातली पाकिटं ओळीने बाद होत असतील तर तिथेच हरकत घ्यावी. साक्षांकनाचा शिक्का अस्पष्ट आहे एवढ्यावर मत बाद करणं आणि साक्षांकनच नसणं यांत फरक आहे. नियमाची भाषा ‘मोठा दोष’ अशी आहे.

फेरमोजणीची खिडकी फार अरुंद असते. नियम ६३ प्रमाणे मतांची बेरीज वाचून दाखवल्यानंतर आणि फॉर्म २० वर अधिकाऱ्याची सही होण्याआधी उमेदवाराने किंवा त्याच्या प्रतिनिधीने लेखी अर्ज द्यायचा, कारणांसह. ‘फरक कमी आहे’ हे कारण पुरत नाही. ‘आलेली १,३५६, हिशेबात ९२७, बाद ४२९, फरक ३२७, फेरपडताळणी झालेली नाही’ असा अर्ज चार ओळींचा असला तरी फेटाळायला अवघड, कारण फेटाळताना अधिकाऱ्याला कारणं लेखी द्यावी लागतात. अर्जाची एक प्रत निरीक्षकांच्या हातात द्यावी. निरीक्षकांच्या मंजुरीशिवाय निकाल जाहीर करता येत नाही आणि कलम २० बी खाली ते मोजणी थांबवायला सांगू शकतात. घोषणेवर सही झाली की अधिकाऱ्याचे हात बांधले जातात आणि याचिकेखेरीज मार्ग राहत नाही.

यंत्रांच्या टेबलांवर फॉर्म १७ सी चा पहिला भाग, म्हणजे मतदानाच्या दिवशी केंद्राध्यक्षाने दिलेली प्रत, सोबत असावी. त्यावरचा एकूण मतांचा आकडा यंत्राशी जुळवायचा, एवढंच.

याचिका करायची वेळ आली तर मुदत निकालापासून ४५ दिवसांची आहे आणि ती वाढत नाही. अनामत २,००० रुपये, जी भरायची राहिली तर याचिका तिथेच संपते. प्रतिवादींसाठीच्या प्रत्येक प्रतीवर याचिकाकर्त्याने स्वतः सही करून ती खरी प्रत असल्याचं लिहायचं. भ्रष्ट आचरणाचा आरोप असेल तर फॉर्म २५ मधलं प्रतिज्ञापत्र हवं. आणि एक सापळा: ‘मला विजयी घोषित करा’ असं मागितलं की मैदानात असलेला प्रत्येक उमेदवार प्रतिवादी करावा लागतो, अपक्षांसह, एक सुटला तरी कलम ८६ खाली याचिका फेटाळली जाते. शिवाय ही मागणी केली की कलम ९७ खाली विजयी उमेदवारालाही तुमच्या मतांवर उलट हरकत घेण्याचा हक्क मिळतो. मागणी मोहक असते, पण बाद पाकिटांच्या वादात ती टिकण्याची शक्यता कमी आणि खर्च जास्त, हे धोळक्याच्या निकालात दिसलंच.

धोळक्यानंतर नियम दोनदा फिरले. २०१९ मध्ये आयोगाने टपाली मतं आधी संपवण्याची अट काढली. कारण सेवा मतदारांच्या पाकिटांवरचे क्यूआर कोड स्कॅन करण्यात वेळ जात होता. सप्टेंबर २०२५ मध्ये, बिहारच्या निवडणुकीआधी, ती परत आली: टपाली मोजणी पुरी झाल्याशिवाय यंत्रांची शेवटून दुसरी फेरी सुरू करायची नाही. ज्या राज्यांत १६२ मतांनी मालेगाव मध्य आणि २०८ मतांनी साकोली ठरते, त्यांना या अटीचं महत्त्व सांगायला नको. हे दोन्ही फरक महाराष्ट्राच्या २०२४ च्या विधानसभेतले.

चित्रीकरणाचं मात्र उलटं झालं. डिसेंबर २०२४ मध्ये नियम ९३ बदलला आणि लोकांना तपासता येणाऱ्या कागदपत्रांतून सीसीटीव्हीसारख्या इलेक्ट्रॉनिक नोंदी बाहेर गेल्या. मे २०२५ च्या सूचनेप्रमाणे याचिका झाली नसेल तर चित्रीकरण ४५ दिवसांनंतर नष्ट करता येतं. याचिकेची मुदतही तेवढीच. म्हणून ४४ व्या दिवशी याचिका दाखल करणाऱ्याने चित्रीकरण जपून ठेवण्याचा अर्ज त्याआधीच, निकालानंतरच्या पहिल्या आठवड्यात, जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे लेखी द्यावा, पोच घ्यावी आणि याचिकेसोबत न्यायालयाकडूनही तसा आदेश मागावा. कर्नाटकातल्या मालूरमध्ये २०२३ ला काँग्रेसचे के. वाय. नंजेगौडा २४८ मतांनी निवडून आले होते. तिथल्या मोजणीचं चित्रीकरण प्रशासन न्यायालयापुढे ठेवू शकलं नाही आणि सप्टेंबर २०२५ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने निवडणूक रद्द करून फेरमोजणीचा आदेश दिला. तेही प्रकरण मग सर्वोच्च न्यायालयात गेलं.